"दुखत नाही म्हणतो"

ऑक्टोबरची रात्र, भातकापणीचे दिवस. साडेआठच्या सुमाराला आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर रिक्षा थांबली. पाच वर्षांचा मुलगा. पेंढ्यात खेळताना बोटाला विंचू चावलेला.

"आधी लई रडला, आता गप पडलाय. दुखत नाही म्हणतो," आई म्हणाली. तिला तेवढाच धीर वाटत होता. माझ्या मात्र तेच ऐकून पोटात गोळा आला. लाल विंचवाच्या दंशात ठणक लागून आकांत करणारं पोर सहसा तरून जातं. ठणक नाही, पण घामानं डबडबलंय आणि हातपाय गार पडलेत, अशा पोराची भीती असते.

याचे पाय गुडघ्यापर्यंत गार होते. दोन उलट्या झालेल्या. रक्तदाब 140/100, पाच वर्षांच्या मुलाचा! छाती अजून स्वच्छ होती, म्हणजे वेळ हातात होता.

हे विष नसांमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. शरीरात ॲड्रिनलिनसारखी रसायनं उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात. त्या दाबापुढे हृदय थकलं की फुफ्फुसांत पाणी साचतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती विंचूदंशावर चालते हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं. बिरवाडीच्या, म्हणजे आमच्यासारख्याच एका आरोग्य केंद्रात त्यांनी हे रुग्ण डोळ्यांसमोर जाताना पाहिले होते. 1986 साली त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कोकणातल्या प्रत्येक डॉक्टरनं ते वाचलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

सिस्टरांनी कपाटातून पाकीट काढलं, ते निघालं सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचं. त्या मोडून देता येत नाहीत. खालच्या कप्प्यात 1 मिलिग्रॅमची साधी पट्टी सापडली तेव्हा कुठे माझा श्वास सुटला. वजन 16 किलो, किलोला 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी गोळी. पावणेनऊला दिली. शिरेतून हाफकिनची विंचवावरची लस, म्हणजे विष उतरवणारं प्रतिविष, सुरू केली. महाडला 70 रुग्णांवर झालेला अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले होते. नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8.

आई त्याला मांडीवर घ्यायला वाकली. "ताई, उचलू नका!" मी जवळजवळ ओरडलोच. या गोळीनंतर मूल उभं धरलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. तिचे हात तसेच हवेत राहिले. मग मी तिला त्याच्या पायांशी बसवलं. म्हटलं, "तळव्यांवर हात ठेवा. गरम लागले की मला सांगा." यंत्रापेक्षा मला त्या हाताचा भरवसा होता.

पावणेबाराला पुन्हा अर्धी गोळी. "गारच आहेत." पावणेतीनला तिसरी. मी दर थोड्या वेळानं छाती ऐकत होतो. घाम थांबला, रक्तदाब उतरू लागला.

चारच्या सुमाराला ती म्हणाली, "डॉक्टर, बघा ना, गरम लागतायत." मी हात लावला. खरंच गरम होते. तेवढ्यात पोरगं जागं झालं आणि भोकाड पसरून रडायला लागलं.

"आई, बोट दुखतंय!"

आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी सिस्टरांकडे पाहिलं, त्या डोळे पुसत होत्या.