बद्द आवाज

"इकडं कान लावा की ओ."

उद्यमबागेत फायबरचं काम करणारे मामा आज माझ्या जुन्या शिडाच्या होडीच्या डेकवर नाण्यानं ठोकत होते. टक्, टक्, टक्... आणि दोर बांधायच्या, बोल्टनं बसवलेल्या क्लीटपाशी एकदम बद्द.

"वरनं चकाचक, आतनं भिजलंय बघा."

या डेकच्या फायबरच्या दोन थरांमध्ये गाभा म्हणून बाल्साचं हलकं लाकूड आहे. बोल्टभोवतीचं सीलंट कधीतरी चिरलं आणि पाणी झिरपत राहिलं. तीन वर्षं दर दिवाळीला मी पॉलिश केलं, एक बोल्ट काढून पाहिला नाही. तेच मनाला लागलंय. चोर्ला घाटातनं ट्रेलरवर आणतानाही इतका जीव खालीवर झाला नव्हता.

आता वरचा थर कापायचा, कुजका गाभा काढायचा, कडा घासायच्या, मग एपॉक्सी, म्हणजे घट्ट चिकटणारं रेझिन. फायबरच्या जुन्या पॉलिस्टर रेझिनवर तेच घट्ट धरतं. पण बेळगावच्या या पावसात आतलं वाळणार कसं?

"दसरा होऊ दे," मामा म्हणाले. "घाईनं झाकलासा तर पाणी आतच ऱ्हातंय."

घरी आलो तरी तो आवाज कानातनं जात नाही. अजून चौदा बोल्ट आहेत. उद्या नाणं घेऊन परत जाणार.

कुणी असा गाभा बदललाय का? परत बाल्साच घातलात की फोम?