एकच सोर्स, दोन बायनरी

गिऱ्हाइकाचा मेल दोन ओळींचा होता. तोच कोड, तोच कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम), तेच फ्लॅग, तेच मशीन, आणि दोनदा बिल्ड केलं की दोन वेगळ्या बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फायली, निघतात. खाली दोन हॅश, म्हणजे त्या फायलींचे ठसे, चिकटवलेले. बास.

पुण्याच्या ऑफिसातल्या एका सीनियरने लगेच रिप्लाय ऑल केला, "टाइमस्टॅम्प असेल". त्यांचं प्रत्येक गोष्टीवर असं तयार उत्तर असतं आणि ते मेल पूर्ण वाचायच्या आत निघतं. टाइमस्टॅम्प, म्हणजे बायनरीत बसलेली बिल्डची वेळ, नव्हता. ऑब्जेक्ट फायली डिसअसेंबल करून (मशीनचा कोड वाचता येईल असा करून) डिफ मारला तर अख्ख्या प्रोजेक्टमध्ये एकाच फंक्शनात फरक, एका फिल्टरच्या आतल्या लूपमध्ये, एकीकडे मेमरी लोड (मेमरीतून आकडा उचलायच्या सूचना) जोडीजोडीने आणि दुसरीकडे काही सुटे. दोन्ही बायनरींचं उत्तर बरोबर येत होतं, हे महत्त्वाचं. चुकीचं काहीच नव्हतं, फक्त एक नव्हतं.

तिकीट माझ्याकडे आलं, कारण "तू गावाला असतेस ना, शांततेत बघता येईल". देवगडजवळ आमच्या घरी पावसाळ्यात शांतता म्हणजे काय ते यांना कोण सांगणार, पत्र्यावर पाऊस असा वाजतो की मीटिंगमध्ये मी बोलले काय नि नाही काय सारखंच, आणि जरा कुठे थांबला की लाईट जाते.

कंपायलरवाले नसलेल्यांसाठी थोडक्यात. आमचा कंपायलर एलएलव्हीएमवर बांधलेला आहे, २००० साली इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केलेला प्रोजेक्ट, आज जगातले कितीतरी कंपायलर त्याच्यावर उभे आहेत. तुमचा कोड आधी एका मधल्या रूपात जातो, त्याला आयआर म्हणतात, आणि मग एकामागून एक पास त्याच्यावरून जातात, प्रत्येक पास काहीतरी सुधारतो. या आयआरमध्ये प्रत्येक इन्स्ट्रक्शन म्हणजे मेमरीतला एक ऑब्जेक्ट, आणि तिच्या उत्तराला वेगळा डबा नसतो, ती इन्स्ट्रक्शन म्हणजेच तिची व्हॅल्यू. बेरजेला दोन लोड हवे असतील तर बेरजेकडे त्या दोन लोड इन्स्ट्रक्शनांचे पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, असतात, आणि लोडकडे कोण कोण आपल्याला वापरतं याची साखळी असते. ऑप्टिमायझेशन पास लिहिणं म्हणजे मोठं गणित असेल असं बाहेरच्यांना वाटतं. गणित आठवड्यातून एकदा येतं, बाकी दिवस पॉइंटर सांभाळण्यात जातात.

उदाहरणार्थ, एक इन्स्ट्रक्शन काढून दुसरी घालायची. नवीन तयार करायची, जुनी जिथे जिथे वापरली असेल तिथे सगळीकडे नवीन लावायची (याला रिप्लेस ऑल यूजेस विथ असं लांबलचक फंक्शन आहे, सगळे राऊ म्हणतात), आणि मगच जुनी पुसायची. क्रम उलटा झाला की असर्ट, म्हणजे आतल्या तपासण्या, चालू असलेला कंपायलर तिथल्या तिथे ओरडतो आणि अजून कोण वापरतंय तेही छापतो. रिलीज बिल्डमध्ये ती तपासणीच नसते, कुणीतरी मेलेल्या इन्स्ट्रक्शनकडे बोट दाखवत बसतो आणि तिसऱ्याच पासमध्ये जाऊन क्रॅश. पुसायचीही दोन फंक्शनं, रिमूव्ह फ्रॉम पेरेंट फक्त ब्लॉकमधून (इन्स्ट्रक्शनांच्या सलग रांगेतून) सोडवतं, इरेज फ्रॉम पेरेंट सोडवून मारूनही टाकतं. शिवाय ब्लॉकवर लूप फिरवताना हातातलीच इन्स्ट्रक्शन पुसली तर पुढे जायला इटरेटर, म्हणजे कुठवर आलो ती खूण, राहत नाही, म्हणून पुढची आधी धरून ठेवणारा अर्ली इंक रेंज वापरायचा, आणि तुम्ही मारताना नेमकी ती धरून ठेवलेलीच मेली तर तोही कामाचा नाही. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. तिथे डेड कोड एलिमिनेशनचा (न लागणारा कोड काढायचा) अल्गोरिदम शिकवतात, जो चार ओळींचा आहे.

तर आमच्या चिपला रुंद लोड आहे, शेजारशेजारचे दोन १६ बिटचे आकडे एका दमात ३२ बिट म्हणून उचलता येतात, पत्ता अलाइन, म्हणजे ठरावीक पटीत, नसला तरी चालतो. त्यासाठी आमचा स्वतःचा एक पास आहे. तो ब्लॉकमधले सगळे लोड गोळा करतो, प्रत्येकाला जोडीदार शोधतो, आधी पुढचा शेजारी, तो नसेल तर मागचा, आणि सापडली की जोडी बांधून मोकळा. दोन रन घेऊन प्रत्येक पासनंतरचा आयआर छापला आणि डिफ केला, पहिला फरक बरोब्बर या पासनंतर.

आता इथे मजा. मी जीडीबी हा डीबगर लावला, तर फरक गायब. कितीही वेळा चालवा, तीच बायनरी. बाहेर चालवलं की पुन्हा कधी ही कधी ती. ऑफिसात विचारलं तर "मशीन रिस्टार्ट कर". पण जीडीबी प्रोग्रॅम चालू करताना लिनक्सचं अ‍ॅड्रेस रँडमायझेशन (दर रनला मेमरीचे पत्ते बदलणं) स्वतःहून बंद करतो, हे कुठेतरी डोक्यात होतं. मग जीडीबीशिवाय, सेटार्च कमांडने तेवढंच बंद करून चालवलं. फरक गायब! म्हणजे कंपायलरचा निर्णय मेमरीतल्या पत्त्यांवर अवलंबून होता, आणि पत्ते दर रनला वेगळे.

कोड उघडला. गोळा केलेले लोड स्मॉल पॉइंटर सेटमध्ये ठेवलेले, आकार १६, आणि पुढे त्याच सेटवर लूप. ज्यांना माहीत आहे ते इथेच कपाळावर हात मारतील. हा सेट लहान असतो तोवर साध्या अ‍ॅरेसारखा चालतो, घातले त्या क्रमाने परत मिळतात. १६ च्या वर गेला की आतल्या आत हॅश टेबल होतो आणि क्रम ठरतो पॉइंटरच्या आकड्यावरून, म्हणजे त्या दिवशी मेमरी कुठे मिळाली त्यावरून. आमच्या टेस्टमध्ये फंक्शनं लहान, चार लोड, सहा लोड. गिऱ्हाइकाचा लूप अनरोल होऊन, म्हणजे फेऱ्या सलग मांडून, आलेला, दोन अ‍ॅरे, सोळाची मर्यादा केव्हाच पार.

क्रमाने काय बिघडतं? समजा शून्य, एक, दोन, तीन असे चार शेजारी लोड आहेत. शून्यापासून सुरुवात केली तर शून्य-एक आणि दोन-तीन, दोन जोड्या. पण हॅशने आधी एक नंबर हातात दिला, तर तो पुढचा शेजारी म्हणून दोनला घेतो, आणि शून्य नि तीन दोघेही सुटे राहतात. ज्याच्या हाती आधी पत्ता लागला त्याची जोडी.

एलएलव्हीएम बिल्ड करताना एक पर्याय मिळतो, असे अनऑर्डर्ड कंटेनर मुद्दाम उलट्या क्रमाने फिरवायचा, नेमके असले बग उघडे पाडायला. आमच्याकडे तो कधीच कुणी लावला नव्हता. मी लावला. लिंकिंगला लॅपटॉपचा रॅम संपला, मग ऑफिसच्या सर्व्हरवर, मग फोनच्या हॉटस्पॉटवरून कारण लाईट गेली होती आणि राउटर इन्व्हर्टरवर नाही. आई दोनदा येऊन गेली, "गो, जेवाण निवताहा". बिल्ड झालं. चार लोडवाल्या, सहा लोडवाल्या टेस्ट उलट्या क्रमातही पास झाल्या, कारण सम संख्येत शेवटाकडून सुरुवात केली तरी जोड्या त्याच पडतात. कुणीतरी कधीकाळी तीन लोडची एक टेस्ट लिहून ठेवली होती, तेवढी पडली. कोण होतं बघितलं, एक इंटर्न. टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत म्हणून रिव्ह्यू पास करणाऱ्या तीन सीनियरांपेक्षा त्या पोराला जास्त कळत होतं असं माझं मत झालंय, आणि ते बदलणार नाही.

दुरुस्ती म्हणून रिव्ह्यूमध्ये पहिली सूचना आली, सेट व्हेक्टर वापर, घातलेला क्रम राहील, एका ओळीचं काम. खरंय. पण घातलेला क्रम म्हणजे आधीच्या पासने लोड ज्या क्रमाने सोडले तो, उद्या तो पास बदलला की आपल्या जोड्या बदलणार. मी म्हटलं ऑफसेटप्रमाणे, म्हणजे अ‍ॅरेच्या सुरुवातीपासूनच्या अंतराप्रमाणे, लावून घेऊ. दुसरी सूचना, मग बेस पॉइंटर (लोड कुठल्या अ‍ॅरेतला ते दाखवणारा) आणि ऑफसेट अशी जोडी करून सरळ सॉर्ट मार. अहो, बेस पॉइंटरवर सॉर्ट म्हणजे परत पत्त्यांचीच तुलना! जो बग काढायला बसलोय तोच, फक्त आता सॉर्ट केलेला. शेवटी मॅप व्हेक्टर घेतला, बेस ज्या क्रमाने पहिल्यांदा दिसले त्या क्रमाने, आणि प्रत्येकाच्या आत ऑफसेट चढत्या क्रमाने.

दर रनला एकच बायनरी यायला लागली. पाठवली. गिऱ्हाइकाचं उत्तर, आमच्याकडेही आता एकच येते, पण तुमच्या हॅशशी जुळत नाही.

या दुसऱ्या भागाबद्दल मला जास्त बोलायचंय खरं तर, कारण तो कुणालाच दिसला नव्हता. पास एकदाच फिरत नाही, बदल होत राहील तोवर फिरतो, कारण दोन रुंद लोड मिळून अजून रुंद होऊ शकतात. कुठल्या लोडचं काम झालं हे लक्षात ठेवायला आणखी एक सेट, त्यात परत पॉइंटर. जोडी झाली की जुने दोन लोड पुसायचे, पण या सेटमधून त्यांचे पॉइंटर कुणी काढत नव्हतं. पुसलेल्या इन्स्ट्रक्शनची जागा अ‍ॅलोकेटर, म्हणजे मेमरी वाटणारा, परत घेतो आणि पुढच्या नवीन इन्स्ट्रक्शनला खुशाल तीच देतो. वाडीतलं जुनं घर पाडून त्याच जागेवर दुसऱ्याने बांधलं आणि पोस्टमन मात्र जुन्याच नावाने पत्रं टाकतोय, तसलं. नवीन रुंद लोड जन्माला येतो मेलेल्याच्या पत्त्यावर, सेट म्हणतो याचं झालंय, आणि पास त्याला सोडून पुढे जातो. क्रॅश नाही, आयआर तपासणारा व्हेरिफायर गप्प, उत्तर बरोबर, फक्त एक संधी गेली. जागा कुणाला परत मिळणार ते सीच्या लायब्ररीतल्या मॅलॉक या अ‍ॅलोकेटरवर, त्यांचं लिनक्स वेगळं, आमचं वेगळं, म्हणून प्रत्येकाकडे आपापली स्थिर बायनरी.

उपाय जुनाच आहे, मारायच्या इन्स्ट्रक्शन एका यादीत ठेवायच्या आणि पासच्या शेवटी एकदम पुसायच्या, तोवर त्यांची जागा कुणाला मिळत नाही. वीक व्हॅल्यू हँडलही चालले असते, इन्स्ट्रक्शन मेली की आपोआप नल होतात, पण सेटमध्ये ते ठेवणं किचकट. यादीच केली. हॅश जुळले, तिकीट बंद.

आणि नंतर गिऱ्हाइकाचा तिसरा मेल. नवीन बिल्डमध्ये तो फिल्टर हळू चालतो.

खरंच हळू. मी मोजला. आता सगळ्या जोड्या लागतात, जेवढ्या लागू शकतात तेवढ्या, म्हणजे पास जे करायला लिहिला होता ते पहिल्यांदाच नीट करतोय. पण रुंद लोड जोडीतल्या आधीच्या लोडच्या जागी बसतो, म्हणजे नंतरचा आकडा लागतो त्याच्या बराच आधी रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या जागांत) येऊन बसतो, असे बरेच झाले की रजिस्टर संपतात आणि काही व्हॅल्यू स्टॅकवर टाकून परत आणाव्या लागतात, ऐन लूपच्या आत. त्यांनी आधी जी बायनरी मोजून रिपोर्टात आकडा टाकला होता ती नशिबाने कमी जोड्यांची निघाली होती. बग होता म्हणून वेगवान.

मॅनेजरचं म्हणणं, "पूर्वीसारखं करून दे". पूर्वीसारखं म्हणजे कुठल्या रनसारखं, हे विचारलं तर मीटिंगमध्ये पाच सेकंद कुणी बोललं नाही आणि मग पुढचा विषय निघाला. गिऱ्हाइकाचा इंजिनियर मात्र समजूतदार, त्याने सरळ विचारलं की तुमच्या मते बरोबर बायनरी कुठली. यावर माझं उत्तर अजून झालेलं नाही. हा पास आयआरवर चालतो, रजिस्टर वाटप त्याच्या खूप नंतर, इथे बसून तिथे किती गर्दी होईल ते अंदाजानेच सांगायचं. पास मागे ढकलला तर रजिस्टरची माहिती मिळते पण तोवर कुठले दोन पत्ते एकमेकांना लागून आहेत हे कळणं अवघड होऊन बसतं.

सध्या मी एक मर्यादा घातलीय, एका वेळी जिवंत (अजून लागणाऱ्या) व्हॅल्यू ठरावीक संख्येच्या वर जात असतील तर नवीन जोडी बांधायची नाही. संख्या किती, ते त्यांच्या फिल्टरवर बघून ठरवलं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या कोडवर ती चूक ठरू शकते हे मला माहीत आहे, आणि रिव्ह्यूमध्ये अजून कुणी ते विचारलेलं नाही. टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत.