व्हिनेगरने खाल्लेली सुरी

नागपूरच्या इतवारीत आमचं धार लावायचं दुकान वडिलांपासून चालत आलंय. उन्हाळ्यात गंजाचं काम फारसं नसतं. पाऊस लागला की लाल पडलेली पाती येऊ लागतात. बहुतेक काम किरकोळ. यंदा जुलैत आलेली एक सुरी मात्र अजून डोक्यातून जात नाही.

महाल भागातल्या एक काकू ती घेऊन आल्या. सासूबाईंची सुरी, साध्या कार्बन पोलादाची, लाकडी मुठीची. "भाऊ, मशीनवर धरून चकाचक करून द्या जी." मोबाइलवर काहीतरी बघून त्यांनी ती रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली होती, मुठीसकट. गंज गेला होता, खरं आहे. पण पातं करडं, खरबरीत झालं होतं, धार बोटाला दातेरी लागत होती आणि मूठ फुगून रिव्हेटपाशी चिरली होती.

आम्ल गंज खातं, तसंच खालचं लोखंडही खातं. पात्यावर बारीक बुडबुडे धरले की समजायचं, पोलाद खाल्लं जातंय. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत, याचा मला फार राग येतो. वरवरचा गंज खायच्या सोड्याची घट्ट लापशी लावून, पात्याच्या लांबीने चोळला तरी बराचसा निघतो. नाहीच निघाला तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं फक्त डागावर ठेवा, पंधरा मिनिटांनी बघा, लागलं तर पुन्हा ठेवा. मग धुऊन सोड्याचं पाणी फिरवा, लगेच खडखडीत कोरडं करा आणि तेलाचा हात द्या. नुसतं धुऊन ठेवलं तर उघडं पडलेलं पोलाद बघता बघता परत लाल होतं. आणि कार्बन पोलादावरची काळसर झाक घासून काढायची नाही. ती गंजाला अडवते.

मशीनला मी नाही म्हटलं. कोरड्या ग्राइंडरवर पातळ धार क्षणात तापते. निळी झाली म्हणजे ३०० अंशांच्या आसपास गेली, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. मग तेवढी धार टिकत नाही. आमच्याच धंद्यातले काही जण ठिणग्या उडवतात आणि गिऱ्हाईक त्यावरच खूश होतं.

मी कुरुंदाच्या दगडावर पाणी मारत हातानेच धार धरली. दाते गेले. टोकाजवळ तीन खड्डे राहिले, धारेपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर. ते घालवायचे तर पातं तरी पातळ करायचं, नाहीतर धारेकडून तेवढं पोलाद घासून काढायचं. मग टोकाकडचा बाक जातो, आणि कांदा चिरताना सुरी झुलते ती त्या बाकावरच. मी खड्डे ठेवले. काकू नाराज झाल्या. "डाग तर तसेच आहेत." सुरी भाजी कशी कापते ते त्यांनी बघितलंच नाही.

पण त्यांचं बोलणं सोडा, मलाच खात्री वाटत नाही. दर वेळी धार लावताना पोलाद थोडं झिजतं. एक दिवस धार त्या खड्ड्यांपर्यंत पोहोचेल आणि तिथे खाचा पडतील. बाक आज घालवायचा की तेव्हा, एवढाच प्रश्न. तोवर खड्ड्यांत ओल राहू देऊ नका, खोबरेल मुरवा, असं त्यांना सांगितलंय. दिवाळीआधी आणतील तेव्हा आत लाल दिसलं, तर ते दोन मिलिमीटर मला काढावेच लागतील.