आमची वाटचाल: एका अर्धविरामाची किंमत

लोक विचारतात तुमचा धंदा नेमका काय, आणि मी दरवेळी अडखळतो. वेबसाईट बनवतो म्हणावं तर आता बनवत नाही, होस्टिंग विकतो पण त्यात चहापाणी सुटतं एवढंच. आमचं पोट खरं म्हणजे एका वाक्यावर चाललंय, "सर, हाताने रन केली की चालतीय, क्रॉनमधून चालत नाही." (क्रॉन म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम.) २००८ पासून हे वाक्य ऐकतोय, सांगलीत ऐकलं, इचलकरंजीत ऐकलं, एकदा दुबईवरून पण फोन आला (पोरगा मिरजेचाच निघाला). पीएचपीची (वेबसाईट ज्यात लिहितात ती एक भाषा) स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये गुणी बाळासारखी वागते आणि रात्री अंधारात, कुणी बघत नसताना, मान टाकते. ती का टाकते हे शोधणं हा आमचा धंदा.

सुरुवात सांगलीत विश्रामबागला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. मी आणि पार्टनर. पार्टनर म्हणजे डिप्लोमाचा बेंचवरचा दोस्त, नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. खाली गिरणी सुरू झाली की टेबल हलायचं, त्यामुळे सकाळी दहा ते बारा कुणी लाईव्ह सर्व्हरवर कमांड मारायची नाही असा आमचा पहिला नियम होता. हसू नका, अजून पाळतो. आता खाली मोबाईलचं दुकान आहे तरी.

हत्यारं म्हणाल तर पुटीची काळी स्क्रीन (सर्व्हरला कमांड द्यायला), विनएससीपी (फायली चढवायला), एक इन्व्हर्टर (तेव्हाचं लोडशेडिंग ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको), आणि एक वही. लाल कापडी बांधणीची, वाणी रोजमेळाला वापरतो ती. प्रत्येक फॉल्ट त्यात लिहायचा, डावीकडे गिऱ्हाईक काय म्हणालं, उजवीकडे खरं काय निघालं. आता सहावी वही चालू आहे. नवीन पोरं म्हणतात सर हे सगळं शीटमध्ये टाकू, मी म्हणतो टाका, पण आधी वहीत. पहिल्या वहीचं उजवं पान बघितलं तर निम्म्या नोंदी तीनच प्रकारच्या आहेत: पाथ (फाईलचा पत्ता), परमिशन आणि "विंडोजमध्ये लिहिलेली फाईल". तो शेवटचा प्रकार लई छळायचा. नोटपॅडमध्ये लिहायची, वर चढवायची, आणि सर्व्हर म्हणायचा बॅड इंटरप्रिटर, नो सच फाईल. अरे फाईल समोर दिसतीय की! तर पहिल्या ओळीच्या शेवटी विंडोजचा एक न दिसणारा कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची खूण) चिकटलेला असायचा आणि लिनक्स त्याला पण नावाचाच भाग समजायचा. ती खूण काढणारी डॉसटूयुनिक्स कमांड मारली की गप.

पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे तासगावचे शेठ, बेदाण्याचे अडते. त्यांना रोज संध्याकाळी आठला सौद्याचे भाव शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवायचे होते. पुण्याच्या कुणीतरी स्क्रिप्ट करून दिली होती, ब्राउझरमध्ये उघडली की मेसेज जायचे, क्रॉनला लावली की एक पण जायचा नाही आणि एरर पण नाही. शेठ स्वतः रोज आठला दुकान बंद करता करता ते पान उघडायचे. मला म्हणाले, "काय रे इंजिनियर, हे मशीन मला कामाला लावतंय का मी मशीनला?"

आम्ही दोन रात्री बसलो. निघालं काय, तर स्क्रिप्ट मोबाईल नंबरांची फाईल नुसत्या नावाने उघडत होती, पाथ न देता. अपाचे या वेब सर्व्हरमधून चालताना चालू फोल्डर म्हणजे स्क्रिप्टचं स्वतःचं फोल्डर, तिथं फाईल सापडते. क्रॉन काम सुरू करतो ते युजरच्या होम डिरेक्टरीतून (त्याच्या घरच्या फोल्डरातून), आणि पीएचपीची सीएलआय (ब्राउझरशिवाय, कमांडने चालणारी पीएचपी) आपणहून फोल्डर बदलत नाही. तिथं नंबरांची फाईल नाही, यादी रिकामी, लूप शून्य वेळा फिरतो आणि स्क्रिप्ट "सगळं छान" म्हणून संपते. एरर दाखवणं तर बंदच करून ठेवलेलं. डरनेम आणि फाईल लावून, म्हणजे स्क्रिप्टचं फोल्डर तिलाच विचारून, पूर्ण पाथ दिला (डीआयआरवाला सोपा कॉन्स्टंट ५.३ मध्ये आला, २००९ ला, तेव्हा नव्हता), आणि तिसऱ्या दिवशी आठ वाजून एक मिनिटाने शेठचा फोन, "आलं रे!" पैसे दिले आणि वर दोन किलो बेदाणा, हिरवा, लांब दाण्याचा, एक्स्पोर्टचा माल. तेव्हापासून दर दिवाळीला येतो.

आता २०११. हे लिहायला बसलो की अजून पोटात गोळा येतो, पण लिहितो, कारण गावात आमच्याबद्दल जी गोष्ट फिरली ती खोटी होती आणि खरी कुणी विचारलीच नाही.

तेव्हा एका सर्व्हरवर आमची एकतीस गिऱ्हाईकं होती. सगळ्या साईट एकाच युजरच्या होममध्ये, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. चूक होती, माहीत होतं, करू करू म्हणत राहिलं होतं. बॅकअपला दुसरी डिस्क माउंट केलेली, म्हणजे सर्व्हरला जोडून लावलेली. दर रविवारी रात्री अडीचला एक चार ओळींची शेल स्क्रिप्ट जुने बॅकअप काढून टाकायची. त्यातली एक ओळ अशी: सीडी करून जुन्याच्या फोल्डरमध्ये जा, अर्धविराम, आरएम मायनस आरएफ स्टार, म्हणजे तिथलं सगळं न विचारता उडव.

तो अर्धविराम बघा. शेलमध्ये अर्धविराम म्हणजे "हे झालं, न झालं, पुढचं कर." मंगळवारी डेटा सेंटरवाल्यांनी सर्व्हर रिस्टार्ट केला. आमची डिस्क एफएसटॅबमध्ये (सर्व्हर सुरू होताना आपोआप लावायच्या डिस्कची यादी) नोंदवलेली नव्हती, हाताने माउंट केलेली, त्यामुळे ती परत लागली नाही. रोजचा बॅकअप त्या रात्रीपासून फेल, पण त्याचं सगळं बोलणं आम्हीच डेव्ह नलला, म्हणजे कचऱ्यात, पाठवलेलं, कारण क्रॉनच्या मेलांचा पार्टनरला कंटाळा यायचा. रविवारी अडीचला सीडी फेल झालं, फोल्डरच नव्हतं. अर्धविराम. आणि मग आरएम जिथं उभा होता तिथं चालला. क्रॉन कुठून सुरू होतो हे वर सांगितलंच आहे. होममधून.

म्हणजे शेठच्या कामात दोन रात्री बसून जे शिकलो, तेच विसरून स्वतःच्या घरात लावलं होतं.

सकाळी सहाला उठलो, सतरा मिसकॉल. लॉगिन केलं, फायलींची यादी बघायला एलएस मारलं, रिकामं. परत मारलं. स्टार टिंबाने सुरू होणाऱ्या फायलींना धरत नाही, त्यामुळे बॅश हिस्टरी (आधी मारलेल्या कमांडची यादी) तेवढी शिल्लक राहिली होती, घर जळल्यावर उंबरा राहावा तशी. डेटाबेस दुसरीकडे, ते वाचले. डिस्क माउंट केली तर सोमवार रात्रीपर्यंतचे बॅकअप सुखरूप, म्हणजे गेलं ते मंगळवारपासून रविवारपर्यंतचं. पण एकतीस साईट परत उभ्या करायला तीन दिवस लागले, आणि त्या पाच-सहा दिवसांत लोकांनी चढवलेले फोटो, पीडीएफ, एका क्लासचे निकाल, सगळं कायमचं गेलं. शेठचे सौद्याच्या लॉटचे फोटो पण.

अर्धविरामाच्या जागी दोन अँपरसँड टाकले असते तर काही झालं नसतं. "हे झालं तरच ते कर." एवढाच फरक.

आणि आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे लिहितोय. त्या सोमवारी, आम्ही फायली परत चढवत असताना, आमच्या गिऱ्हाइकांना फोन जायला लागले. शेजारच्या शहरातली एक कंपनी, आमच्यापेक्षा दोन वर्षांनी सुरू झालेली, काचेचं ऑफिस वगैरे. "त्यांचा सर्व्हर हॅक झालाय, तुमचा डेटा बाहेर गेलाय, आमच्याकडे या, पहिलं वर्ष फ्री." हॅक? कुणी हॅक केलं? आमच्याच मूर्खपणाने उडालं होतं, ते आम्ही प्रत्येकाला फोन करून कबूल करत होतो, आणि कबूल करणारा खोटा ठरला, अफवा पसरवणारा खरा. महिन्याभरात एकोणीस गेले. यादी त्यांच्याकडे कशी पोचली, नंबर कसे मिळाले, हे मला बरेच दिवस कळलं नाही. दिवाळीनंतर पार्टनर म्हणाला मला थोडा ब्रेक पाहिजे. संक्रांतीला तो त्या काचेच्या ऑफिसात होता. मी आरोप करत नाही. तारखा सांगतोय.

शेठना मी स्वतः भेटायला गेलो, तासगावला, एसटीने. म्हणालो फोटो गेले, चूक माझी, तुम्ही गेलात तरी समजू शकतो. ते एका पोत्यावर बसून दाणे बघत होते. म्हणाले, "माझा पण एका वर्षी आख्खा माल शेडवर भिजला अवकाळीत. शेड मी बंद केलं का?" आणि दोन वर्षांचे पैसे ॲडव्हान्स दिले. पावती मागितली नाही. मी दिली, वहीतून पान फाडून.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं नीट गेली. सर्व्हर तीन झाले, प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा युजर, बॅकअप फेल झाला तर मेल नाही, सरळ माझ्या फोनवर. लग्न झालं, गिरणी बंद झाली.

मग त्या कंपनीचं एक गिऱ्हाईक आमच्याकडे आलं. एका साप्ताहिकाचे संपादक. बातमीबरोबर फोटो चढवला की त्याची छोटी प्रत आपोआप बनायला हवी, त्यासाठी इमेजमॅजिक या फोटोच्या सॉफ्टवेअरची कन्व्हर्ट कमांड पीएचपीतून शेलएक्झेकने (सर्व्हरची कमांड चालवणारं फंक्शन) मारलेली. काही फोटोंची बनायची, काहींची नाही. टर्मिनलवरून, म्हणजे काळ्या स्क्रीनवरून, तीच स्क्रिप्ट चालवली की सगळ्यांची बनायची. तिकडच्या तज्ज्ञांनी आठ महिने घोळ घालून शेवटी सल्ला काय दिला, तर फोटोंची नावं इंग्रजीत ठेवा. संपादक भडकलेले. "मराठी पेपर काढतो मी, आणि सत्कार समारंभ इंग्रजीत लिहू?"

मी आधी कमांडच्या शेवटी दोन, ग्रेटर दॅन, अँपरसँड, एक लावलं, म्हणजे एररचा प्रवाह पण हातात येतो, आणि शेलएक्झेकला जाणारी आख्खी कमांड लॉगमध्ये लिहून काढली. लॉगमध्ये "सत्कार.जेपीजी" च्या जागी नुसतं ".जेपीजी". नाव गायब! एस्केपशेलआर्ग हे फंक्शन नावाला कोट लावून सुरक्षित करतं, पण चालू लोकेलमध्ये (भाषा-लिपीच्या सेटिंगमध्ये) न बसणारी अक्षरं ते गुपचूप गाळतं. टर्मिनलवर आपलं लोकेल यूटीएफ-८ असतं, देवनागरी पास होते. पण डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार) अपाचेच्या एन्व्हव्हार्स फाईलमध्ये लँग बरोबर सी असं लिहिलेलं येतं, आणि सी लोकेलला आपली बाराखडी म्हणजे कचरा. एक ओळ, सेटलोकेल, एलसी सीटाईप, सी डॉट यूटीएफ-८. चाळीस मिनिटांत झालं. संपादकांनी बिल बघून विचारलं एवढंच? मी म्हणालो एवढंच. वहीत त्या दिवशी उजव्या पानावर मी लाल पेनने लिहिलंय, ते इथं छापण्यासारखं नाही.

आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो. क्रॉनमध्ये "पीएचपी" एवढंच लिहू नका, पूर्ण पाथ लिहा. क्रॉनचा पाथ (इथं पाथ म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) भिकाऱ्याच्या झोळीएवढा असतो, यूएसआर बिन आणि बिन, संपलं. आणि एका सर्व्हरवर दोन-तीन पीएचपी असतात. साईट चालतीय ७ वर, क्रॉन उचलतोय ५.६, आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधताय. सीएलआयची आयएनआय (सेटिंगची) फाईल पण वेगळी असते, वेबची बदलून "मी मेमरी वाढवली की" म्हणणारे मला आठवड्याला दोन भेटतात. पीएचपी डॅश डॅश आयएनआय मारा, कुठली फाईल वाचतोय ते तोच सांगतो. एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) बघायला शिका, १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही, १३७ म्हणजे कुणीतरी मारली, बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून कर्नलने. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) टक्क्याची खूण लिहिलीत तर क्रॉन तिथं ओळ तोडतो, तारखेच्या नावाचे बॅकअप यामुळेच बनत नाहीत, आधी बॅकस्लॅश द्या. आणि ती यादी बदलायला क्रॉनटॅब मायनस ई मारताना बोटाकडे बघा. ई च्या शेजारी आर आहे. मायनस आर न विचारता आख्खा क्रॉनटॅब उडवतो. आमच्या एका पोराने उडवला होता, मग मी सिस्टिम लॉगमधून कुठली कमांड किती वाजता चालायची ते बघून परत जुळवला, रात्रभर. पोराला काढला नाही. शेठनी मला काढलं नव्हतं.

शेठ आता दुकानात कमी येतात, पोरगा बघतो. भाव व्हॉट्सॲपवर जातात, पण ती जुनी ओळ आठ वाजताची अजून क्रॉनटॅबमध्ये आहे, साध्या फोनवाल्या काही म्हाताऱ्या शेतकऱ्यांसाठी.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास रात्री साडेअकराला अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज लगेच ओळखला. काचेचं ऑफिस सोडून तो आता स्वतःचं काहीतरी करतो म्हणे. इकडचं तिकडचं दोन मिनिटं बोलला आणि मग म्हणाला, "अरे, एक स्क्रिप्ट आहे, हाताने चालवली की चालतीय..." मी म्हणालो क्रॉनमध्येच एन्व्ह (चालू सेटिंगांची यादी) मारून फाईलमध्ये टाक, टर्मिनलवरचं एन्व्ह काढ, दोन्हीचा डिफ घे आणि मला पाठव. पाठवला. एका नजरेत दिसलं, पाथ. पाच मिनिटांचं काम.

बिल पाठवलंय, दीड हजाराचं, अधिक जीएसटी. अजून आलेलं नाही.