तुम्ही विचारलंत म्हणून: फुंकणीचा रिपोर्ट

"हे सर्वेवाले येतात, फॉर्म भरून नेतात. त्यातून वस्तीला काय मिळतं हो?"

हा प्रश्न मला दारात उभ्या बायकांनी विचारलाय, समाजकार्याच्या कॉलेजातल्या पोरांनी विचारलाय, आणि गेल्या महिन्यात एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या आत्याबाईंनीही विचारला. मी सतरा वर्षं गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात घरोघरी फिरून आरोग्याचे फॉर्म भरते. आधी कागदावर भरायचे, आता टॅबवर. कधी कॉलेजसाठी, कधी संस्थेसाठी, कधी दोघांच्या मिळून चाललेल्या प्रोजेक्टसाठी. दारात मी ठरलेलं उत्तर देते, कारण कन्सेंटच्या, म्हणजे संमतीच्या, कागदावर ते छापलेलंच असतं: या अभ्यासातून तुम्हाला थेट फायदा होणार नाही, पुढे समाजाला होऊ शकतो. आत्याबाईंना एवढ्यावर कटवता येत नाही. म्हणून जरा नीट लिहिते.

आधी फुंकणीची गोष्ट. मी कामाला नवी होते तेव्हा एका कॉलेजचं पथक धूर आणि फुप्फुसं यांचा अभ्यास करायला आमच्याकडे आलं. नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि असेल नसेल तेवढा जोर लावून फुंकायचं. आमच्या गल्लीत एक आजी होत्या. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून नवऱ्यामागं मुंबईत आलेल्या. नळी बघून म्हणाल्या, "ही तर फुंकणीच की गं. चुलीसाठी असायची तसली." तीनदा फुंकलं त्यांनी. तिसऱ्यांदा खोकल्याची उबळ आली, तरी "थांब, हे नीट नाही झालं" म्हणत चौथ्यांदा फुंकलं. लॅपटॉपवर रेघ उमटली, मुलीनं ती सेव्ह केली, आजींच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. रिपोर्ट पंधरा दिवसांत मिळेल, असं मी सांगितलं. मला तसं सांगायला सांगितलं होतं.

रिपोर्ट आलाच नाही. प्रोजेक्ट संपला, मॅडम बदलल्या, फोन लागेना. पण मी त्याच गल्लीत राहत होते. नळावर भेटलं की आजी विचारायच्या, "बाई, माझ्या फुंकणीचं काय झालं?" असं दोन वर्षं चाललं. शेवटी शेवटी मी मागच्या गल्लीनं, गटारावरच्या फळीवरून जायला लागले. त्या अभ्यासातून मला काय मिळालं, तर घरी जायचा लांबचा रस्ता.

हल्लीच्या प्रस्तावांत 'वस्तीसोबत भागीदारी' असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे भागीदारी म्हटलं की दोघांनी मिळून गाळा घेतला, भाडं निम्मं-निम्मं, नफाही निम्मा. या हिशेबानं बघितलं तर खरी भागीदारी मी फार थोडी पाहिली किंवा ऐकली आहे. ऐकलेल्यातली सगळ्यात चांगली पुण्यातली आहे, आणि ती सुरू झाली तेव्हा कुणी तिला आरोग्य-संशोधन म्हणतही नव्हतं.

पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या लोकांनी नव्वदच्या सुमाराला कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायचं काम घेतलं. मुलं पाटी-पेन्सिलीपाशी थांबेनात, तेव्हा शिकवणारेच त्यांच्यामागं कचराकुंड्यांवर फिरले. तिथं कळलं की आधी प्रश्न पोटाचा आहे. 1993 च्या मे महिन्यात कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकारानं आठशेच्या वर कचरावेचक जमले आणि त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे महानगरपालिकेनं कचरावेचकांना ओळखपत्रं दिली. मग विद्यापीठातल्या बायांनी आणि पंचायतीनं हिशेब मांडला: कचरा वेचणाऱ्या बाया रोज किती माल उचलतात, आणि तेवढा कचरा पालिकेला वाहून न्यावा लागला असता तर किती खर्च आला असता. 2001 मध्ये तो अभ्यास झाला. 'आम्ही गरीब आहोत, दया करा' असं म्हणणारा आणि 'आम्ही तुमचे एवढे पैसे वाचवतो' असं म्हणणारा, दोघांकडे साहेब एकाच नजरेनं बघत नाही. 2002-03 पासून पालिका नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरू लागली. हात कापणं, कुत्रा चावणं, पाठ धरणं या कामात रोजचंच, त्यामुळे विमा ही काही शोभेची वस्तू नव्हती.

मला या गोष्टीत आवडतं ते हे, की आकडा काढून विद्यापीठ तो घेऊन गेलं नाही. आकडा ज्यांचा होता त्यांच्याच पिशवीत राहिला आणि त्यांनीच तो पालिकेत नेला. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. शोधनिबंध परदेशी छापून येवो, त्याचा आम्हाला राग नाही. पण आकडा वस्तीच्या पिशवीत राहिला पाहिजे.

आता आमच्या एम पूर्व वॉर्डाचं, म्हणजे याच गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्याचं. इथं अभ्यासकांची वानवा कधीच नव्हती. टाटा समाजविज्ञान संस्था आमच्याच वॉर्डात, देवनारला. 1927 पासून मुंबईचा कचरा पोटात घेणारं डम्पिंग ग्राउंडही देवनारलाच. आमच्या इथल्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींत 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून टीबीचा अभ्यास केला. 2018 मध्ये त्याची पेपरात बरीच चर्चा झाली. डॉक्टरांनी घराघरांतले पेशंट मोजले, इंजिनिअरांनी ऊन आणि वारा मोजला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून, मधे जेमतेम तीन मीटर, की खालच्या मजल्यांवर उजेड पोचत नाही आणि हवा हलत नाही. तिथं टीबी जास्त निघाला. पीएमजीपीत इमारतींमधलं अंतर बरं, तिथं कमी. टीबीचे जंतू कोंदट हवेत तरंगत राहतात, वारा आणि ऊन त्यांना टिकू देत नाही, हे शाळेच्या पुस्तकातलं. पण झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेतली घरं मंजूर करताना ते अंतर नियमानंच कमी करून दिलं होतं, म्हणजे आजार नकाशावरच काढून ठेवलेला होता, हे त्या अभ्यासानं दाखवलं.

असल्या घरात मी फॉर्म भरायला कितीदा बसलेय. भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लागलेली. खिडकी आहे, पण तिच्यावर पत्रा ठोकलेला, कारण उघडली की वरून कुणी टाकलेला कचरा आत आणि समोरच्या मोरीचा वास घरात. "खिडकी उघडी ठेवत चला," असं मी एकदा बोलून गेले होते. घरातली बाई काही बोलली नाही, नुसता पत्रा बाजूला केला. समोर भिंत. मी परत कुणाला ते सांगितलं नाही.

तरी आकडा दुधारी असतो, हेही सांगायला हवं. आमच्याकडे अशाच एका वेगळ्या सर्वेनंतर एका इमारतीला 'टीबीवाली बिल्डिंग' असं नाव पडलं. तिथली एक ताई मला म्हणाली, "पोरीला बघायला आलेले पत्ता ऐकून उठून गेले. हे तुझ्या फॉर्ममध्ये कुठं लिहितेस?" कुठंच लिहिता येत नव्हतं. तसा रकानाच नव्हता. तेव्हापासून निकाल बाहेर सांगण्याआधी वस्तीत बसून ठरवावं, नाव घालायचं की नुसता मजला आणि खिडकीचं माप, असा माझा हट्ट असतो. वरची मंडळी त्याला वेळखाऊपणा म्हणतात. असेल.

दुसरी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती फायद्याची नाहीच. मुंबईत स्नेहा ही संस्था आणि लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज यांनी 48 वस्त्या घेतल्या. निम्म्यांत बायकांचे गट बसवले, बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी यांवर बोलायला, निम्म्यांत नाही. झारखंड-ओडिशाच्या खेड्यांत याच रीतीनं बाळं दगावण्याचं प्रमाण घटलं होतं. मुंबईत घटलं नाही. 2012 मध्ये त्यांनी तसं स्पष्ट छापलं. इथं बहुतेक बायका आधीच दवाखान्यात बाळंत होत होत्या. मग बाळ दगावत असेल तर गटात बोलून कितीसा फरक पडणार, असं मला वाटतं. पण काही वर्षं राबून 'जमलं नाही' म्हणायला छाती लागते. फुंकणीवाल्या आजींनाही कुणी येऊन "तुमची रेघ नीट आलीच नव्हती" एवढं म्हटलं असतं, तरी मला गटारावरच्या फळीवरून जावं लागलं नसतं.

आता नवं काम आलं की मी तीन गोष्टी विचारते: रिपोर्ट कोण देणार, कधी देणार, आणि तुम्ही गेल्यावर लोकांनी कुणाला फोन लावायचा. मानधनाचं त्यानंतर. एकदोन कामं यापायी हातची गेली.

सध्याच्या कामात प्रोफेसर बाई साखरेचा आजार मोजायला आल्यात. पहिली बैठक बालवाडीत झाली. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय मोजावंसं वाटतं? बराच वेळ कुणी बोलेना. मग मागून एकजण म्हणाली, "झोप." आमच्या गल्लीत पाणी रात्री दोनला येतं. दोनला उठायचं, चारपर्यंत हंडे, पाचला डबे. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. बाईंनी फॉर्ममध्ये दोन प्रश्न वाढवले: काल किती वाजता झोपलात, पाण्यासाठी किती वाजता उठलात. मला वाटलं होतं शिष्टाचार म्हणून वाढवलेत. पण पहिल्या फेरीनंतर त्या स्वतः तक्ता घेऊन आल्या, मराठीत, मोठ्या अक्षरांत, गल्लीवार.

पाणी अजून दोनलाच येतं. तक्ता बालवाडीच्या दारावर चिकटवलाय आणि त्याचा फोटो निम्म्या वस्तीच्या मोबाइलमध्ये आहे. सोमवारी अकरा बायका तो घेऊन वॉर्ड ऑफिसला, पाणी खात्यात निघाल्यात. मला म्हणाल्या, तू नको येऊस, आम्ही बोलतो. तेव्हा आत्याबाई, तिथं काय झालं ते मलाही त्यांच्याकडूनच कळेल. कळलं की फोन करते.