परत केलेले पाणी

त्या वर्षी १ मेच्या ग्रामसभेसाठी खराडीच्या कार्यालयातून निघाले, तेव्हा माझ्या पिशवीत दोन कागद होते. एका बहुराष्ट्रीय शीतपेय कंपनीसाठी मी पाणी आणि ग्रामसंपर्काचे काम पाहत असे. पहिल्या कागदावर कंपनीचा दावा होता, की आम्ही जमिनीतून जेवढे पाणी उपसतो त्याहून अधिक बंधाऱ्यांवाटे पुन्हा जमिनीत मुरवतो. दुसऱ्यावर प्रकल्पालगतच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी होत्या, आणि तीन उन्हाळ्यांत तिची पातळी चार मीटर खाली गेली होती.

दोन्ही कागद खरे होते. आमचे बहुतेक बंधारे दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या ओढ्याच्या पाणलोटात होते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फक्त वरच्या मुरमात आणि भेगांत साठते, त्यामुळे तिकडे मुरलेल्या पाण्याचा थेंबही या गावाच्या विहिरीत येणे शक्य नव्हते. राज्याच्या बेरजेत मात्र ते ‘परत केलेले’ ठरत होते.

“एकूण आकडाच मांडा, नोंदी अंतर्गत आहेत,” असे वरिष्ठांनी आदल्या दिवशी बजावले होते. त्यांची भीती निराधार नव्हती. केरळमधील प्लाचीमडा येथे २००० साली सुरू झालेला एका शीतपेय कंपनीचा प्रकल्प भूजलाच्या वादातून २००४ साली बंद पडला. त्याआधी २००३ साली तेथील पेरुमाट्टी पंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले होते. पण मला त्या घटनेचा अर्थ नेमका उलटा वाटत आला आहे: गावाला जे आपण सांगत नाही, ते गावाची विहीर सांगतेच.

सभेआधी एका आजींनी मला त्यांच्या आडावर नेले. पोहऱ्याच्या जुन्या काथ्याच्या दोराला निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या नायलॉनचे तीन तुकडे जोडलेले होते. “दर उन्हाळ्याला एक गाठ वाढतीया, ताई,” त्या म्हणाल्या. गाठी मोजताना माझ्या पिशवीतला दुसरा कागद मला जड झाला.

सभेत मी दोन्ही कागद वाचून दाखवले. पातळी घटण्यात उसाच्या कूपनलिकांचाही वाटा आहे, हेही सांगितले, कारण ते वगळणे तितकेच अप्रामाणिक ठरले असते. सरपंचताईंनी दर महिन्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची मागणी केली. मागे बसलेला, आमच्याच प्रकल्पात कंत्राटावर काम करणारा एक तरुण उठून म्हणाला, “मॅडम, उद्या कंपनी बंद पडली तर आमच्या घरचं कोण बघणार?” त्याला देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि आजही नाही.

संध्याकाळी वाघोलीच्या वाहतूक कोंडीत असतानाच वरिष्ठांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागवण्यात आला. खुलाशाला मी विहिरीच्या नोंदींची प्रत जोडली. मे महिन्याची नोंद कंपनीने फलकासाठी दिली नाही. सरपंचताईंनी मग गावातल्याच दोन मुलींना फीत देऊन त्या आडाची पातळी मोजायला लावली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात खडूने लिहिलेला तो आकडा मी फलकावर वाचला.