गप्पींच्या हौदात टीसीएल

माण तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी आरोग्य सेवक होतो, तेव्हाची गोष्ट. मे संपत आला होता. जून हा हिवताप प्रतिरोध महिना, आणि त्याच्या आत डासांच्या अळ्या खाणारे आमच्या हौदातले गप्पी मासे 14 गावांत पोचवायचे होते. कुठल्या गावात जनावरांचे हौद किती, बांधकामाच्या टाक्या किती, वापरात नसलेले आड किती, अशी यादी मी स्वतः फिरून केली होती.

आमच्या भागात पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. पाणीच नाही तर डास कुठून येणार, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण नळाला पाणी येत नाही म्हणूनच घरोघरी ते साठवलेलं असतं. बॅरलमध्ये, रांजणात, न्हाणीतल्या टाकीत. डेंगीचा डास त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. बॅरल आठवड्यातून एकदा घासूनपुसून कोरडा करता येतो. जनावरांचा दोन हजार लिटरचा हौद कोण रिकामा करणार? आणि दुष्काळी गावात ते पाणी ओतून द्या असं कुणाला सांगायला तोंड उघडत नाही. तिथं गप्पीच लागतो. एकदा मी एका मादीला बाटलीत ठेवून 40 अळ्या मोजून टाकल्या होत्या. सकाळी त्यातली एक उरली नव्हती.

हौद केंद्राच्या मागं, लिंबाखाली. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट पाणी. म्हणजे साधारण 2800 लिटर. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणाहून पॉलिथिनच्या पिशवीत 60 मासे मांडीवर घेऊन एसटीनं आलो होतो. त्यांचे किती झाले होते ते मोजण्याच्या पलीकडं गेलं होतं. पाण्यावर हाताची सावली पडली की सगळा हौद एका बाजूला सरकायचा.

त्या दिवशी सकाळी आठला मी मागं गेलो, तर सावली पडूनही काही हललं नाही. मासे वर आले होते, तोंडं पाण्याबाहेर काढून. नर तर काही आडवेच पडले होते, रंगीत शेपट्या चिकटलेल्या. पाण्याचा वास आला आणि पोटात खड्डा पडला. तो वास मी रोज घेतो. टीसीएल, पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर.

बॅगेतून क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायचं साधन काढलं, नळीत हौदातलं पाणी घेतलं, ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. गावोगावी नळाचं पाणी तपासताना हा पिवळा रंग दिसला की मला बरं वाटतं. पाण्यात क्लोरीन आहे, आज या गावात जुलाब-उलट्या होणार नाहीत, असा त्याचा अर्थ. त्या नळीकडं बघताना माझे हात थरथरत होते.

शेजारच्या वाडीत दोन दिवसांपूर्वी गॅस्ट्रोचे रुग्ण निघाले होते. गावातल्या प्रत्येक साठ्यात टीसीएल टाका, असा निरोप ग्रामपंचायतीला आमच्याच केंद्रातून गेला होता. पाणी सोडणारे मामा पहाटेच येऊन गेले होते. केंद्राची पिण्याची टाकी आणि हा हौद यांत दहा पावलांचं अंतर. त्यांनी दोन्हींत टाकलं. तेही अगदी बरोबर, हजार लिटरला पाच ग्रॅम, बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरची निवळी. माणसासाठी जे योग्य तेवढंच. माशाला तेवढं पुष्कळ होतं. क्लोरीन त्याच्या कल्ल्यांची नाजूक कातडी जाळतं आणि तो भरल्या पाण्यात गुदमरतो. हौदावर ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ असा फलक होता, पण त्याची अक्षरं उन्हानं उडाली होती. तो रंगवून घ्यायचं माझ्याकडून चार महिने राहिलं होतं. ते मला आजही लागतं.

सगळेच मेले नव्हते. मामांनी निवळी पायरीच्या बाजूनं ओतली होती. पलीकडच्या कोपऱ्यात हायड्रिला ही पाणवनस्पती आणि शेवाळ दाट होतं, तिथं थोडं क्लोरीन शेवाळानंच खाल्लं असावं. त्या कोपऱ्यातले मासे अजून पोहत होते.

त्यांना काढायचं, पण ठेवायचं कुठं? केंद्रात एक 200 लिटरचा बॅरल भरलेला होता, पण नळाचाच. ओटी लावली, पिवळी. क्लोरीन नसलेली विहीर दीड किलोमीटरवर. मी पळत औषध भांडारात गेलो. फार्मसिस्ट मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “भाऊ, व्हिटॅमिन सी क्लोरीन मारतं. क्लोरीनच्या एका भागाला अडीच भाग धरा. तुमच्या बॅरलला 500 मिलिग्रॅमची एक गोळी पुरेल, दोन घ्या.” दोन गोळ्या खलात कुटून बॅरलमध्ये ढवळल्या. पुन्हा ओटी. नळी काचेसारखी पांढरी. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

मग जाळी घेतली. तिथं मी एक निर्णय घेतला आणि तो घेताना माझ्या मनात शंका नव्हती. फक्त गाभण माद्या उचलायच्या. बॅरल एक, उन्हाचा तडाखा वाढत चाललेला, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. शंभर मासे कोंबले असते तर शंभरही गेले असते. परिचर पोरगा बादली धरून उभा होता. तो म्हणाला, “भाऊ, नर नको का? नुसत्या बायका नेऊन पैदास कशी व्हायची?”

त्याला म्हटलं, नर त्यांच्या पोटात आहे. गप्पीची मादी एकदा नराला भेटली की त्याचं बीज महिनोन्महिने अंगात साठवून ठेवते आणि त्यावर एकामागून एक विणी देते. ती अंडी घालत नाही, अंडी पोटातच वाढतात आणि साधारण चार आठवड्यांनी जिवंत पिल्लं बाहेर पडतात. मादी ओळखणं सोपं. अंगानं नराच्या दुप्पट, रंगानं मळकी, पोटाखाली शेपटीच्या बाजूला काळा डाग. दिवस भरत आले की तो डाग गडद होतो आणि पोट बाजूनं बघितलं तर चौकोनी दिसतं. अशा 23 माद्या मी काढल्या. तेवढ्यात कोपऱ्यातलेही आडवे व्हायला लागले, आणि मी जाळी खाली ठेवली.

बॅरल सावलीत ओढला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. पंप कुठला असणार? परिचर आणि मी आळीपाळीनं तांब्यानं पाणी उचलून वरून धार सोडत राहिलो, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. तास झाला असेल. एक मादी तळाशी जाऊन थरथरायला लागली. मरतेय असं वाटून मी तिला ड्रेसिंग रूममधल्या किडनी ट्रेमध्ये घेतली, त्याच पाण्यात.

ती विणत होती. धसक्यानं, मुदतीआधी.

पांढऱ्या ट्रेमुळं सगळं स्वच्छ दिसलं. आधी एक वळकटी बाहेर आली, डोकं आणि शेपटी एकमेकांना टेकलेली, त्यात दोन मोठे काळे डोळे. ती तळाशी पडली. मी मोजत होतो, सहा, सात, आठ… वळकटी एकदम सरळ झाली आणि ट्रेच्या कडेला जाऊन भिडली. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू. मग दुसरं, तिसरं. प्रसूतीच्या खोलीतून सिस्टर बाहेर आल्या होत्या, त्या वाकून बघत राहिल्या. काही पिल्लांच्या पोटाला पिवळा गोळा तसाच होता. “ही अपुऱ्या दिवसांची आहेत,” त्या म्हणाल्या. खरं होतं. तो बलकाचा साठा पोटातच संपायला हवा. गोळा असलेली पिल्लं तळाशीच राहिली, आणि त्यातली बरीच संध्याकाळपर्यंत गेली.

एकामागून एक माद्या विणायला लागल्या, आणि मला दुसरीच धास्ती लागली. गप्पीची आई स्वतःची पिल्लं खाते. तिला ती पिल्लं वाटत नाहीत, समोरून हलणारं खाणं वाटतं. पिल्लं आणि आई यांच्यामध्ये जाळी लागते. परिचर धावत जाऊन स्टोअरमधली नवी मच्छरदाणी घेऊन आला. मी ओरडलोच, “ती लांब ने!” आमच्या मच्छरदाण्यांना कीटकनाशक लावलेलं असतं. डासाला मारणारी ती पायरेथ्रॉइडं माशाला फार जहरी असतात. एवढं करून वाचवलेले मासे त्या जाळीनं मेले असते. शेवटी सिस्टरांच्या घरून भाजी धुवायची प्लास्टिकची भोकांची टोपली आली. ती बॅरलच्या तोंडावर सुतळीनं अर्धी बुडवून टांगली, माद्या टोपलीत. पिल्लू जन्मलं की भोकातून खाली. खाली हायड्रिला धुऊन सोडला होता, लपायला.

रात्री मुक्काम केंद्रातच केला. टॉर्च मारला की बॅरलच्या तळाशी डोळे चमकायचे.

पिल्लांचं पुढचं सगळं कष्टाचं काम आहे, आणि लोक नेमके तिथंच चुकतात. गप्पीचं पिल्लू पहिल्या दिवसापासून खातं, त्यामुळं त्याला फार सोपं समजतात. मी उकडलेल्या अंड्याचा बलक धोतराच्या फडक्यातून पाण्यात पिळायचो, तोही हरभऱ्याएवढा, दिवसातून चार वेळा. हरभऱ्याऐवजी सुपारीएवढा टाकला की दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होऊन नासतं आणि पिल्लं वर येऊन मरतात. पहिल्या आठवड्यात एकदा माझ्या हातून जास्त पडला आणि पन्नासेक पिल्लं गेली. त्यानंतर रोज तळातला गाळ सलाइनच्या नळीनं ओढून काढायचा आणि एक चतुर्थांश पाणी बदलायचं, हा नेम कधी मोडला नाही. पाणी त्या दीड किलोमीटरवरच्या विहिरीचं, मोटारसायकलवर कॅन बांधून. दहाव्या दिवसापासून डासाच्या बारीक अळ्या आणि शेंगदाणा पेंडीची पूड.

23 माद्यांतल्या 16 जगल्या. त्यांच्यासाठी वेगळा बॅरल केला, त्यात एकही नर नाही. परिचर रोज सकाळी टोपली बघायचा. त्याचा अजून विश्वास नव्हता. चौथ्या आठवड्यात एका सकाळी त्यानं मला कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत, हाताला धरून नेलं. टोपलीखाली पिल्लं होती. पूर्ण दिवसांची, पोटं सपाट, काळीभोर डोळ्यांची. त्या विणीतली मी 34 मोजली.

त्या जूनमध्ये 14 गावांना मासे गेले नाहीत. वरिष्ठांना मी तसं लिहून दिलं, कारणासह, फलकासह. कंटेनर सर्व्हे, म्हणजे घरोघरी साठवलेल्या पाण्यात अळ्या शोधणं, आणि भांडी रिकामी करायचा कोरडा दिवस यांवरच आम्ही तो महिना काढला, आशाताईंनी घराघरातली बॅरलं अक्षरशः उलथी केली. हौद रिकामा करून धुतला, महिनाभर पाऊस आणि विहिरीचं पाणी खाऊ दिलं, आणि मग मोठी झालेली पिल्लं त्यात सोडली. जिल्ह्याहून दहा नर मागून आणले. एवढ्याशाच माद्यांचं गोत आपसात वाढत राहिलं तर पुढची पिढी कमजोर निघते.

मासे मेले त्याच दिवशी दुपारी मामा आले होते. दोन घमेली मासे बाजूला काढून ठेवलेले बघून ते खालीच बसले. “म्या चांगल्यासाठीच टाकली की वो, सायेब.” मी म्हटलं, “मामा, तुम्ही बरोबरच टाकलीत. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.” मी त्यांना ओटी कशी करायची ते बसून शिकवलं. खरं तर ते आधीच कुणीतरी शिकवायला हवं होतं. वर्षानुवर्षं हा माणूस टीसीएल टाकतोय आणि पाण्यात ते किती उरलं हे बघायची नळी त्याच्या हातात कधी दिलेली नव्हती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली बादली निघाली, शेजारच्याच वाडीच्या जनावरांच्या हौदासाठी. 40 मासे, तीस माद्या आणि दहा नर. गप्पी परक्या मुलखातला मासा, त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा, म्हणून तो ओढ्यात किंवा तलावात कधीच सोडायचा नाही. तिथले आपले मासे त्यापायी मार खातात. बंदिस्त पाण्यातच. हे मी वाडीतल्या लोकांना सांगत होतो, तोवर मामा हौदाच्या काठावर उकिडवे बसले. खिशातून नळी काढली, पाणी भरलं, ओटीचे थेंब टाकले आणि ती उन्हाकडं धरून बराच वेळ बघत राहिले.

“रंग न्हाई आला, सायेब,” ते म्हणाले. “सोडू का?”